न उभ्या राहिलेल्या चिमणीच्या गावी

जपानला जाऊन आलो म्हटल्यावर जो तो विचारतो, काय काय पाहिले? कामाकुराचा उघड्या आकाशाखाली बसलेला भव्य बुद्ध पाहिला, अगदी डोळे भरून पाहिला. पण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहिणार आहे ते अशा एका जागेविषयी, जिथे पाहण्यासारखे काहीच नाही. तिथे एक मोठी चिमणी उभी राहणार होती आणि ती उभी राहिली नाही. ती नसलेली चिमणी पाहायला मी पदरमोड करून गेलो, हे कळल्यावर आमच्या हेडक्लार्कसाहेबांनी कपाळावर हात मारला.

याची सुरुवात आमच्याच गावात झाली. मी विदर्भातल्या एका गावचा. गावाजवळ औष्णिक वीज केंद्र आहे. माझे वडील तिथे कंत्राटी मजूर होते, सीएचपीत, म्हणजे जिथे वाघिणींतून आलेला कोळसा उतरवून, फोडून पट्ट्यावर चढवतात त्या विभागात. त्यांच्या मजुरीवर आम्ही तिघे भाऊ शिकलो. मी बी.कॉम. झालो आणि कारकून म्हणून चिकटलो, ते त्याच कोळशाच्या पैशावर. वडील शेवटची सहा वर्षे खाटेवर बसूनच झोपले, कारण आडवे झाले की दम लागायचा. २००९ साली ते गेले.

काही वर्षांपूर्वी त्या केंद्राच्या विस्ताराची जनसुनावणी झाली. मंडप, खुर्च्या, पोलीस, टेबलावर पाण्याच्या बाटल्या, सगळे होते. वस्तीतली तरुण मुले माझ्याकडे पाहत होती, कारण वस्तीचा बोलणारा माणूस मी. मी माइकजवळ गेलो आणि स्थानिकांना नोकऱ्या किती देणार, कंत्राटात आमच्या पोरांचा वाटा किती, यावर दहा मिनिटे बोललो. टाळ्या मिळाल्या. राखडीविषयी एक अक्षर बोललो नाही. घरी आलो तर आई वलणीवरचे धुतलेले कपडे झटकत होती, दोनदा झटकूनच आत घ्यायची तिची रोजची सवय. ती काही बोलली नाही. पण मला तो दिवस अजून विसरता येत नाही.

त्याच सुनावणीत बाहेरगावाहून आलेला एक कार्यकर्ता म्हणाला होता की, जपानमध्ये पोलाद कारखान्याच्या जागेवरचा असाच प्रकल्प रद्द झाला आहे, गावाचे नाव सोगा. मी ते डायरीत टिपून ठेवले. पुढे माझा पुतण्या कॉम्प्युटरच्या कामासाठी टोकियोला गेला, निशि-कासाई भागात राहू लागला, आणि २०२४च्या ऑक्टोबरात त्याने मला तिकीट पाठवले. बारा दिवसांची अर्जित रजा घेऊन मी निघालो. डायरी बरोबर घेतली.

निशि-कासाईत आपली भारतीय माणसे इतकी आहेत की, तूरडाळ आणि कढीपत्ता कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. तिथून जवळ समुद्राच्या बाजूला कासाई-रिंकाई-कोएन नावाचे स्टेशन आहे. त्यावरून जाणाऱ्या केइयो लाईनचे शेवटचे स्टेशन म्हणजे सोगा. रविवारी आम्ही सगळेच निघालो. पुतण्याची बायको आणि सहा वर्षांची लहानगी माइहामाला उतरल्या, कारण तिथे डिस्नेलँड आहे. अर्धा डबा तिथेच रिकामा झाला. लहानगीने मला विचारले, "आजोबा, तुम्ही पुढे काय पाहायला चाललात?" मी म्हणालो, "चिमणी." ती म्हणाली, "उडणारी?" या प्रश्नाला मला धड उत्तर देता आले नाही.

पुढचा प्रवास समुद्राच्या कडेने आहे, पण समुद्र फारसा दिसत नाही. गोदामे, मॉल, उंच इमारती, पुन्हा गोदामे. एके काळी हा सगळा किनारा उथळ चिखलाचा होता. ओहोटीला लोक त्यात उतरून असारी नावाच्या शिंपल्या वेचत, आणि बांबू रोवून नोरी नावाचे समुद्रशेवाळ पिकवत. आपल्या कोळी बांधवांसारखाच तो धंदा. युद्धानंतर जपानने ठरवले की लोखंड पाहिजे, वीज पाहिजे, तेल पाहिजे, आणि मग भराव टाकून टाकून समुद्र मागे ढकलला गेला. मच्छीमारांनी भरपाई घेऊन पाण्यावरचे हक्क सोडले.

सोगाला पहिला मोठा भोंगा वाजला तो कावासाकी स्टीलचा. १९५३ साली इथली पहिली झोतभट्टी पेटली. युद्धानंतर नव्याने उभारलेला, खनिजापासून थेट पत्र्यापर्यंत सगळे एका जागी करणारा जपानमधला तो पहिला कारखाना, आणि तोही समुद्राच्या भरावावर. जहाजातून कोळसा आणि लोहखनिज धक्क्यावर उतरवायचे, भट्टीत घालायचे आणि तयार पोलाद दुसऱ्या धक्क्यावरून पाठवायचे, ही पद्धत इथून पुढे देशभर गेली. जिथे कारखाना आहे त्या मोहल्ल्याचे नावच कावासाकी-चो. कंपनीच्या नावाने वसलेला मोहल्ला.

स्टेशनवरून बंदराच्या बाजूला उतरलो. मला वाटले होते धूर, वाघिणी, काळे रस्ते दिसतील. दिसले ते पिवळे शर्ट घातलेल्या माणसांचे लोंढे. बायका, पोरे, म्हातारे, सगळे पिवळे. पुतण्या म्हणाला, "काका, फुटबॉलची मॅच आहे." कारखान्याचा जुना भाग बंद होऊन पश्चिमेच्या भरावाकडे सरकला, तेव्हा रिकाम्या झालेल्या जमिनीवर शहराने खेळाची मैदाने केली, बाजार आले आणि २००५ साली हे फुटबॉलचे स्टेडियम उघडले. स्टेडियमच्या पलीकडे मात्र जेएफई स्टीलच्या चिमण्या आणि भट्टी तशीच उभी आहे. कावासाकी स्टील आणि एनकेके या दोन कंपन्या एकत्र येऊन जेएफई झाली, ती या शतकाच्या सुरुवातीला. नाव बदलले, भट्टी चालू राहिली.

आता त्या चिमणीची गोष्ट सांगतो. पोलाद कारखान्याला वीज प्रचंड लागते, आणि झोतभट्टीतून जो ज्वलनशील वायू निघतो तो जाळून वीज करताही येते. म्हणून पोलाद आणि वीज ही दोन्ही घराणी शेजारी शेजारी नांदतात. जेएफईकडे जमीन होती, धक्का होता, कोळसा उतरवायची सोय होती. पश्चिम जपानातल्या हिरोशिमाची चुगोकू इलेक्ट्रिक पॉवर ही वीज कंपनी टोकियोच्या बाजारात शिरू पाहत होती. २०११च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर अणुभट्ट्या बंद पडल्या होत्या आणि एप्रिल २०१६पासून घरगुती ग्राहकालाही आपली वीज कंपनी निवडण्याची मोकळीक मिळाली होती. दोघांनी मिळून २०१६च्या अखेरीस कोळशाचे केंद्र उभारण्याचा प्रस्ताव पुढे आणला. क्षमता १० लाख ७० हजार किलोवॅट. बांधकाम २०२०च्या सुमारास सुरू करायचे आणि २०२४ साली वीज काढायची. म्हणजे मी स्टेडियमसमोर उभा होतो त्याच वर्षी.

कारकुनाला हिशेब केल्याशिवाय चैन पडत नाही. हे केंद्र वर्षातला ऐंशी टक्के वेळ पूर्ण ताकदीने चालले असे धरले, तर साधारण ७५० कोटी युनिट वीज. नव्या तंत्राने युनिटमागे आठशे ग्रॅमच्या आसपास कार्बन वायू धरला तरी वर्षाला ६० लाख टन होतो. चाळीस वर्षे चालले तर चोवीस कोटी टन. हा आकडा मी गाडीत डायरीवर मांडला आणि पुतण्याला दाखवला. त्याने मोबाईलवर पडताळून पाहिला आणि "बरोबर आहे" म्हणाला, तेव्हा मला उगाचच बरे वाटले.

स्टेडियम सोडून आम्ही रूळ ओलांडून जुन्या वस्तीत शिरलो. लहान लहान घरे, अंगणात कुंड्या, पुरुषभर उंचीच्या भिंती. दुपारचा वारा खाडीकडून गावाकडे वाहत होता. एका घरासमोर ऐंशीच्या पुढची एक म्हातारी बाल्कनीचा कठडा ओल्या फडक्याने पुसत होती. पुसून झाल्यावर तिने फडके उलटे करून पाहिले. ती हालचाल पाहून मी रस्त्यातच थांबलो. आमची आई अशीच पाहते.

पुतण्याला संकोच वाटला, अनोळखी घरासमोर असे उभे राहणे तिथे बरे समजत नाहीत. पण म्हातारीनेच वाकून नमस्कार केला आणि विचारले, काही हरवले आहे का? पुतण्याने आपल्या ऑफिसातल्या जपानीत सांगितले की, हे माझे काका, भारतातून आले आहेत, यांच्या गावातही कोळसा जळतो. म्हातारी हसली. आत गेली आणि एका प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले नालेच्या आकाराचे छोटे लोहचुंबक घेऊन आली. तिने ते कठड्याच्या न पुसलेल्या टोकावर फिरवले आणि आम्हाला दाखवले. पिशवीवर काळे केस उभे राहावेत तशी बारीक भुकटी उभी राहिली होती. ती म्हणाली, "साधी धूळ चिकटत नाही. लोखंडाची चिकटते."

पुढचा अर्धा तास आम्ही तिच्या दारात उभे होतो. पुतण्या भाषांतर करता करता थकला, पण मी त्याला सोडले नाही.

तिचा नवरा कारखान्यात होता, कंपनीत नव्हे तर कंपनीच्या ठेकेदाराकडे. मुलगा लहानपणापासून दम्याने आजारी. रात्री त्याला पाठीवर बांधून ती खोलीत फेऱ्या मारायची. त्या काळी जपानात असे हजारो आजारी होते. योक्काइचीच्या रुग्णांनी १९७२ साली खटला जिंकला, १९७३ साली सरकारला प्रदूषणाच्या रुग्णांना भरपाई देणारा कायदा करावा लागला, आणि चिबाचा हा किनारा त्या कायद्याखालच्या भागांपैकी एक ठरला. मुलाला रुग्ण म्हणून प्रमाणपत्र मिळाले, औषधाचा खर्च सुटला. तरी कारखान्याने सहावी, आणखी मोठी भट्टी काढली. मे १९७५मध्ये गावकरी कोर्टात गेले. भट्टी थांबवा आणि भरपाई द्या, अशा दोन मागण्या. लोक त्याला निळ्या आकाशाचा खटला म्हणत.

मी विचारले, "तुम्ही खटल्यात होतात का?"

पुतण्याने हा प्रश्न थोडा घोळवून विचारला असावा. म्हातारीने फडक्याची घडी घातली. म्हणाली, "नव्हते. नवऱ्याचे काम गेले असते. शेजारीण होती. ती सह्या घ्यायला आली तेव्हा मी घरात नाही असे सांगायला मुलाला दारात पाठवले. त्याच मुलाला."

आम्ही तिघेही थोडा वेळ काही बोललो नाही.

खटल्याचे पुढे काय झाले ते मी वाचलेले होते. सहावी भट्टी १९७७ साली पेटली. निकाल लागला तो १७ नोव्हेंबर १९८८ला, साडेतेरा वर्षांनी. चिबाच्या जिल्हा न्यायालयाने कारखान्याचा धूर आणि माणसांचा आजार यांचा संबंध मान्य केला, भरपाई मंजूर केली, पण भट्टी थांबवण्याची मागणी फेटाळली. त्याच वर्षी मार्चमध्ये सरकारने देशभर नवे रुग्ण नोंदवणे बंद केले होते, हवा सुधारली म्हणून. अशा वेळी आलेल्या या निकालाचे महत्त्व फार मोठे होते. प्रकरण वरच्या कोर्टात गेले आणि ऑगस्ट १९९२मध्ये तडजोड झाली. एकूण सतरा वर्षे. म्हातारीची शेजारीण तडजोडीच्या आधीच गेली होती.

म्हणून २०१७मध्ये कोळशाच्या केंद्राच्या विरोधात सह्या घेणारे लोक आले तेव्हा ही दारातच उभी राहिली. नवरा गेला होता, नोकरी जायची भीती उरली नव्हती. सही केली, सभेला गेली, मागच्या रांगेत बसली. बोलली नाही. "मला बोलता येत नाही," ती म्हणाली, आणि मला त्या मंडपातल्या माझ्या दहा मिनिटांच्या टाळ्या आठवल्या. मला तर चांगले बोलता येत होते.

२७ डिसेंबर २०१८ रोजी दोन्ही कंपन्यांनी जाहीर केले की, कोळशाचे केंद्र उभारणार नाही, त्याऐवजी गॅसवर चालणाऱ्या केंद्राचा विचार करू. कारण सांगितले ते असे की, धंदा पुरेसा किफायतशीर होईल असे दिसत नाही. दम्याचा उल्लेख नाही, फडक्याचा नाही, सह्यांचा नाही. मी म्हातारीला विचारले, मग तुम्ही जिंकलात असे म्हणायचे का? ती म्हणाली, "कंपनीने आपली वही पाहिली आणि बंद केले. पण आम्ही वेळ खाल्ला. वेळ खाल्ला म्हणून त्यांना वही पाहायला सवड मिळाली."

मला हे उत्तर फार खरे वाटते. मी आयुष्यभर वह्याच लिहीत आलो आहे. जपानमध्ये विजेची मागणी वाढेनाशी झाली होती, छपरांवर सौर पत्रे आले होते, २०१५च्या पॅरिस करारानंतर पर्यावरण मंत्रालय नव्या कोळसा केंद्रांबद्दल कडक शेरे मारत होते. या सगळ्यामुळे आकडे बिघडले. पण प्रत्येक सुनावणी, प्रत्येक हरकत यांनी एकेक महिना पुढे ढकलला, आणि त्या महिन्यांत आकडे बिघडत गेले. टोकियोच्या खाडीवर त्या काळात चार जागी असे प्रस्ताव होते. इचिहाराचा मार्च २०१७मध्ये गेला, सोगाचा डिसेंबर २०१८मध्ये, सोदेगाउराचा जानेवारी २०१९मध्ये. खाडीच्या पलीकडच्या योकोसुकाचा मात्र झाला. लोक कोर्टात गेले, हरले, आणि २०२३ साली ते केंद्र सुरूही झाले. तेव्हा जपानी माणूस जागरूक आणि आपण झोपलेले, असे कोणी यातून काढू नये. तिथेही चारांतले एक उभे राहिलेच.

परतताना पुतण्याने मला अडचणीत टाकणारा प्रश्न विचारला. "काका, वीज नको असे म्हणायचे का मग? आजोबांनी त्याच विजेवर घर चालवले." तो चुकीचे बोलला नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाईसरॉयच्या कौन्सिलात मजूर खात्याचे मंत्री होते, तेव्हा देशाच्या विजेचे धोरण त्यांच्याच टेबलावर आखले जात होते. १९४४ साली सेंट्रल टेक्निकल पॉवर बोर्ड स्थापन झाले ते त्यांच्या कारकिर्दीत. वीज स्वस्त आणि मुबलक मिळाल्याशिवाय उद्योग वाढणार नाहीत आणि गरिबी हटणार नाही, ही त्यांची भूमिका होती. आमच्या घरात १९८८ साली पहिला दिवा लागला तेव्हा वडिलांनी त्यांच्या तसबिरीखालीच तो लावला होता. मी पुतण्याला म्हणालो, वीज नको असे मी म्हणत नाही. पण बाबासाहेबांकडे फक्त वीज नव्हती, मजूर खाते होते. विजेची फाईल आणि मजुराची फाईल एकाच टेबलावर होती. त्या सुनावणीत मी फक्त एकच फाईल उघडली. त्याला ते कितपत पटले, कोण जाणे. तो मोबाईलमध्ये गाडीची वेळ पाहत होता.

आपल्याकडे धुरातला गंधक काढणारे यंत्र बसवा, असा नियम डिसेंबर २०१५मध्ये केंद्र सरकारने केला होता. मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५मध्ये देशातल्या बहुतेक कोळसा केंद्रांना त्या यंत्रातून सूटच मिळाली. ही बातमी वाचली तेव्हा मी डायरीतले सोगाचे पान पुन्हा काढले.

माइहामाला लहानगी उंदराचे कान डोक्यावर घालून गाडीत चढली. मी तिला लोहचुंबक दाखवले. होय, म्हातारीने ते निघताना माझ्या हातात दिले होते. मी नको नको म्हणत होतो, ती म्हणाली तिच्याकडे आणखी दोन आहेत. पिशवीवरची काळी भुकटी तिने आधी निगुतीने कागदावर काढून घेतली आणि कागदावर तारीख लिहिली. अशा कागदांचा तिच्याकडे बिस्किटांचा डबाभर साठा आहे. तो कोणाला द्यायचा आहे, हे मी विचारायला विसरलो.

गावी आल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी मी चुंबक पिशवीत घालून खिडकीच्या उंबऱ्यावर फिरवले. करडी राखड बहुतेक जागीच राहिली, पण थोडे काळे कण पिशवीला चिकटले. राखडीतही लोखंडाचा अंश असतो. मी कागद घेतला, कण त्यावर उतरवले, तारीख लिहिली आणि घडी करून डायरीत ठेवली. आई मागे येऊन उभी राहिली होती.

"काय करून राहिला रे?"

मी सांगितले.

तिने खिडकीकडे पाहिले, कागदाकडे पाहिले. म्हणाली, "माह्या वलणीखाली जास्त भेटते. तिथलं घे."